गावकरमामांनी ऐकलेली हाक

बिघडलेली वस्तू समोर ठेवली, तरी गावकरमामा लगेच पेचकस उचलत नसत. डोळे मिटायचे, लाउडस्पीकरवर तळहात ठेवायचा आणि नुसतं बसायचं. घाई करणाऱ्याला एकच उत्तर मिळे, "आदी आयक, मगे खोल." मूळचे मालवणकडचे, उमेदीची वर्षं मालवाहू जहाजांवर वायरलेस ऑपरेटर म्हणून गेलेली. निवृत्तीनंतर जोगेश्वरीच्या चाळीतल्या खोलीत ते आम्हा ऑर्केस्ट्रावाल्यांचे अॅम्प दुरुस्त करत.

मी बास गिटार वाजवायचो. चौऱ्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. प्लायवूडच्या फळीवर मी आवाजाला वेगवेगळे रंग देणारी, पायाने दाबायची चार पेडल बसवली होती. गिटारचा आवाज एकातून दुसऱ्यात असा फिरत शेवटी अॅम्पमध्ये जाई. पण वाजवता वाजवता स्वर मध्येच बुडू लागला. शनिवारी घाटकोपरला कार्यक्रम होता. त्याच्या दोन दिवस आधी दुपारी फळी घेऊन मामांकडे गेलो.

त्यांनी चारही पेडल सोडवून गिटार थेट अॅम्पला जोडली. आवाज स्वच्छ. मग एकेक पेडल परत मध्ये घातलं. पहिली दोन ठीक. तिसरं जोडताच स्वर गेला आणि खरखर सुरू झाली.

"आतलो डाख सुटलो हा," मामा म्हणाले.

"मग लावा सोल्डर, मारा ना डाख."

त्यांनी बोट वर केलं. "गप रव जरा. कोणतरी बोलता हा."

मी हसलो. "रेडिओ असेल, मामा. सुटलेला डाख स्टेशन पकडतो, तुम्हीच सांगता ना?"

"रेडिओवाल्याक अशी धाप लागता?"

मग मलाही ऐकू आलं. गिटारची वायर मी उपसून काढली, तरी आवाज थांबेना. कुणीतरी दमून बोलत होतं. "हिराई... मढच्या बाहेर... पाणी..." थोडी खरखर, की पुन्हा तेच शब्द, तीच धाप. भर चार वाजता, उघड्या दारात, माझ्या अंगावर काटा आला.

मामांनी फळी तशीच चालू ठेवली आणि पायात चपला सरकवल्या. "वर्सोव्याक जावया. मढ थंय समोरच आसा."

रिक्षात ते माझ्याकडे न बघता बोलत होते. तरुणपणी जहाजावर त्यांना अशीच एक हाक ऐकू आली होती. नाव कळेना, म्हणून खरखर समजून त्यांनी बटण फिरवलं. ज्याची ती हाक होती, ते जहाज कुठल्याच बंदराला लागलं नाही. "बायलेकसुद्धा सांगूक नाय कधी," ते म्हणाले.

वर्सोव्याच्या किनाऱ्यावर मामांनी 'हिराई'चं नाव घेताच जाळी विणणाऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या. ती होडी पहाटे गेली होती, दुपारपर्यंत परतायची होती. दोन होड्या तातडीने निघाल्या. आम्ही बोंबील सुकत घातलेल्या बांबूंच्या वलांडीपाशी उभे राहिलो. आपण खोटी हूल तर दिली नाही ना, या विचाराने मी पुन्हा पुन्हा घड्याळ बघत होतो. मामा समुद्राकडे कान करून स्तब्ध होते.

दिवेलागणीला होड्या परतल्या. उलटलेल्या 'हिराई'ला धरून राहिलेले तिघेही जिवंत सापडले होते. होडीचा प्रमुख, त्यांचा तांडेल, घोंगडीत कुडकुडत होता. मी त्याला सांगितलं, चार वाजता तुमचा आवाज ऐकला.

त्याने घोंगडीतून मान वर केली. "चार वाजता? आमचा वायरलेस सेट त सकालीच पान्यान गेला. नंतर कोन बोलनार?"

मी मामांकडे पाहिलं. ते चपलांतली वाळू झटकून रस्त्याकडे निघाले होते.

खोलीवर परतलो तेव्हा फळी चालूच होती. नुसती खरखर येत होती. मामांनी डाख मारला आणि तीही थांबली. शनिवारचा कार्यक्रम छान झाला. पुढे कित्येक महिने मात्र वाजवण्याआधी तिसऱ्या पेडलवर पाय ठेवताना मला धीर गोळा करावा लागे.

दोनेक वर्षांनी मामा आजारी पडले. इस्पितळात भेटायला गेलो, तीच शेवटची भेट. इतके दिवस मनात दाबून ठेवलेलं अखेर विचारलं, "मामा, त्या दिवशी बोलत कोण होतं?"

त्यांनी डोळे उघडले.

"ता माका खंय ठावक? हाक इली, आमी गेलों. तीन माणसां घराक इली. आणि काय होया तुका?"