दादासाठी घेतलेली खुर्ची

सदानंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी फाटकाशी पाववाल्या पोदेराकडून उंडे घेत होते, माझ्यासाठी आणि त्याच्यासाठी, रोजच्यासारखे. फोनवर त्याची विद्यार्थिनी शलाका होती. ‘‘बाई, सर वर्गात बसले ते उठलेच नाहीत...’’ पोदेर सायकल दामटत पुढे गेला आणि मी उंडे हातात घेऊन तशीच उभी. दीड महिना झाला, पण खरं सांगायचं तर रडू कमी आणि रागच जास्त येतो. इतकं अर्धवट टाकून कुणी जातं का?

आम्ही एकाच विद्यापीठात शिकवायचो आणि धारगळला आमच्या घराच्या बाहेरच्या खोलीत तो भाड्याने राहायचा. आपला विषय संपवून संध्याकाळी तो मुलांना एक वेगळीच गोष्ट शिकवायचा, एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या माणसांना बोलतं कसं करायचं ती. दोघांना समोरासमोर बसवायचं. एकाने मनातलं बोलायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं नाही, फक्त ‘म्हणजे तुझं म्हणणं असं’ म्हणत तेच आपल्या शब्दांत मांडायचं, आणि पहिला ‘व्हय, हेंच’ म्हणेपर्यंत त्याची सुटका नाही. मराठी-कोकणी वादावर, जमिनी विकण्यावर ही पोरं बसायची आणि घामाघूम व्हायची. ‘‘तुझ्या वर्गात कुणी जिंकतच नाही, मग मजा ती काय?’’ असं मी चिडवायची. तो म्हणायचा, ‘‘बाई, जिंकूक सगळेच शिकयतत.’’

याच भरवशावर तो मुलांना आपल्या गावी, डिचोलीकडे घेऊन गेला. खाण पुन्हा सुरू व्हावी की नको, यावरून गाव दुभंगला होता. एका बाजूला ट्रकवाले, त्यांच्यात त्याचा सख्खा थोरला भाऊ पुंडलीकदादा. दुसऱ्या बाजूला शेतात खाणीचा लाल चिखल आलेले शेतकरी. सगळे येऊ शकतील म्हणून बैठक देवळाच्या सभामंडपात ठेवली, आणि घात तिथेच झाला. दादा गाभाऱ्याच्या बाजूला बसलेला. तो बोलला, ‘‘खाण चललीच जाय, ना तर पोरां खातलीं कितें?’’ शलाका त्याचं म्हणणं मांडायला उभी राहिली ती साहजिकच त्याच्याकडे, म्हणजे देवाकडे, तोंड करून. घाबरून हात जोडलेले. आमच्याकडे देवासमोर असं उभं राहून कुणी गावाचं मागणं मांडलं की ते गाऱ्हाणं होतं, आणि लोक हुंकार देतात. ती ‘‘खाण सुरू झाली तरच चुली पेटतील’’ म्हणून श्वास घ्यायला थांबली, आणि एक म्हातारा सवयीने बोलून गेला, ‘‘व्हय म्हाराजा!’’ मग सगळे ट्रकवाले गरजले, ‘‘व्हय म्हाराजा!’’

शेतकरी ताडकन उठले. आमच्या नावाने देवाला गाऱ्हाणं घालणारे तुम्ही कोण? सदानंद हात जोडून पुढे धावला, म्हणाला, ‘‘गाऱ्हाणें न्हय तें, पोरांचो सराव!’’ त्यावर दादा उठला. ‘‘देवासमोर माका सरावाक बसयलो?’’ एवढंच बोलला, आणि नंतर भावाशी एक शब्दही नाही. शेतकऱ्यांनी सदानंदला खाणवाल्यांचा माणूस ठरवलं. शलाका रडली तेव्हा त्याने सगळ्यांसमोर सांगितलं की जागा त्याने निवडली होती, चूक त्याची.

पुढे वर्ग चालूच राहिला, पण त्याचा जीव एका गोष्टीत अडकला होता. दादाने एकदा यावं, समोर बसावं, हवं तर शिव्या घालाव्यात. दादाचे गुडघे दुखतात म्हणून त्याने आपल्या खोलीत हातांची उंच खुर्ची आणली आणि समोर स्वतःसाठी स्टूल ठेवलं. त्या खुर्चीवर तो कुणाला बसू द्यायचा नाही. सणासुदीला निरोप धाडायचा. उत्तर कधी आलं नाही... स्मशानातही गाव दोन घोळक्यांत उभा होता आणि मध्ये आमची पोरं. आता विद्यापीठातला तो वर्गही बंद झाला. शिकवणार कोण?

गेल्या आठवड्यात दादा आला. ‘‘सदानंदाचें सामान व्हरूंक आयलां,’’ म्हणाला. दम लागला होता, समोर दिसली त्या खुर्चीवर टेकला. खुर्चीच्या हातांवरून हात फिरवत म्हणाला, ‘‘बरी आसा. कोणाची?’’

‘‘तुमचीच. तुमच्यासाठी आणलेली.’’

त्याची नजर समोरच्या स्टुलावर गेली. मग त्या स्टुलालाच सांगू लागला, ‘‘त्या दिसा सगळ्यां मुखार... सख्ख्या भावान माका...’’ आणि थांबला, कुणीतरी पुढे बोलेल म्हणून थांबावं तसा. मला राहवलं नाही. मी म्हटलं, ‘‘म्हणजे तुमचं म्हणणं...’’

त्याने हात वर केला. ‘‘तुमी नाका, बाई. तें तेणें म्हणूंक जाय होतें.’’

सामान न नेताच तो गेला. खोली मी अजून कुणाला दिलेली नाही. झाडताना खुर्ची बाजूला घेते आणि मग परत होती तिथेच ठेवते, स्टुलासमोर.