प्रिन्स मनोहरचा गळा

माझ्या नवऱ्याचं आणि प्रिन्स मनोहरचं पहिल्यापासून पटत नाही. दोघांची कधी भेट झालेली नव्हती, हा भाग वेगळा.

प्रिन्स मनोहर म्हणजे आमच्या शाळेच्या दिवसांतला गायक. वय जेमतेम सतरा, कानांवर केस, गळ्यात रुमाल आणि रस्ता झाडता येईल अशी बेलबॉटम. इंदापूरच्या आमच्या वर्गात त्याचा फोटो जिच्या कंपासपेटीत नाही अशी मुलगी नव्हती. पण बाकीच्या मुली केसांवर भाळल्या होत्या आणि मी गळ्यावर. (केसांकडेही बघायचे, पण गाणं संपल्यावर.) रुसलेल्या मुलीची समजूत काढायचं त्याचं एक गाणं होतं. त्यात तो वरच्या सुरावर असा अलगद जायचा की श्वास कुठं घेतला ते कळायचं नाही. वर पोचल्यावर ओरडायचा नाही, नुसता थांबायचा. शेजारणीच्या ओसरीवर बसल्यासारखा.

लग्न होऊन बारामतीला आल्यावर मी हे सगळं यांना समजावून सांगितलं. यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "केस झ्याक हायती. गाणं दुसराच कुणीतरी म्हणत आसंल."

तेव्हापासून हा वाद आमच्या घरात नांदतोय. मुलं मोठी झाली, त्यांची लग्नं झाली, वाद तसाच.

आणि परवा वरकुट्याहून पुतण्याचा, दत्ताचा फोन आला. "काकू, मुलीच्या हळदीला ऑर्केस्ट्रा ठेवलाय. वळखा बघू, पाहुणा गायक कोण हाय?"

मी ओळखलं. हातातलं दूध उतू गेलं.

यांनीही ऐकलं होतं. "बरं झालं," ते म्हणाले. "टेप लावून नुसतं त्वांड हालवंल. आख्ख्या भावकीम्होरं कळंल तुला."

आता प्रश्न मनोहरचा राहिला नव्हता, माझ्या उभ्या आयुष्याच्या आवडीचा होता. मी केस रंगवले. डबीवर काळा लिहिलं होतं, निघाला वांगी रंग. तशीच गाडीत बसले. वाटेत उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी अशी रांगत होती की मला वाटलं, हळदीऐवजी बारशालाच पोचतो.

दिवेलागणीला कार्यक्रम सुरू झाला आणि तो आला. केस गेले होते. रुमाल होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यानं माईक धरला आणि तेच रुसलेल्या मुलीचं गाणं सुरू झालं. तोच आवाज. अगदी तोच, सतरा वर्षांचा.

सत्तरीच्या माणसाचा असा आवाज?

यांनी पान लावता लावता विचारलं, "काय म्हन्तीया टेप?"

"टेप नाही. त्यानं आवाज जपलाय."

"व्हय? मग जवळ जाऊन बघ की. गळ्याची एक शीर हालत न्हाय."

मी दत्ताकडून सत्काराची शाल आणि नारळ मागून घेतला. "काकू, गाणं तर संपू दे," तो म्हणत राहिला, पण मी स्टेजवर पोचले होते. डोळे मनोहरच्या गळ्यावर, पाय वायरीत. मी त्याच्या दिशेनं एक पाऊल टाकलं आणि कुठंतरी काहीतरी खट् झालं.

सगळं बंद. ढोलकी बंद, आवाज बंद. मनोहरचे ओठ मात्र थोडा वेळ हलत राहिले.

मांडवात असा हशा उठला की मला शालीत स्वतःलाच गुंडाळून घ्यावंसं वाटलं. हे खुर्चीवर उभे राहून बघत होते.

"माझ्यामुळं झालं," मी कशीबशी म्हणाले. "वायर..."

मनोहर हळूच म्हणाला, "ताई, बरंच झालं. हे ऑर्केस्ट्रावाले मला गाऊच देत नाहीत. म्हणतात, लोकांना जुनाच आवाज हवा."

मग तो स्टेजच्या कडेला बसला आणि माईकशिवाय गायला लागला. आवाज पार खाली उतरला होता, जरा खरखरीत. वरच्या सुराच्या जागेला तो वर गेलाच नाही. खालूनच वळसा घालून असा आला की मला ती मुलगी पहिल्यांदाच खरी रुसलेली वाटली. मागं मटण ढवळणारे आचारीसुद्धा पळी धरून उभे राहिले. माझे डोळे वाहत होते आणि ओठ हलत होते.

ते त्यानं बघितलं. "तुम्हाला पाठ दिसतंय. पुढचं कडवं तुम्ही म्हणा."

इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी जीव ओतून सुरू केलं आणि नेमकं त्याच क्षणी कुणीतरी आमच्यामध्ये पडलेल्या माईकची वायर जोडली. माझा आवाज वरकुट्याच्या साऱ्या वस्त्यांवर गेला. मांडवातली दोन तान्ही एकदम रडायला लागली. ढोलकीवाल्यानं हात काढून घेतले. नवरी हळदीच्या हातांनी कान झाकून बसली. (तिचे कान लग्नातही पिवळे होते.) मी जाईन तिकडं मनोहर मागं येत होता, मला हाताला धरून सुरात आणत होता, आणि मी परत निसटत होते. कडवं मात्र मी पूर्ण केलं.

परतताना इंदापूर मागं पडलं तसं यांनी पान तोंडात सारलं. मग म्हणाले, "गातो गडी. मानलं आपण."

मी खिडकीतून बाहेर बघत, जमेल तितकं साधं विचारलं, "टेप बंद पडल्यावर तो गायला, तेव्हा पटलं ना?"

"न्हाय. तवा वाटलं, बरा हाय. तू गाया लागलीस तवा पटलं. तुज्या शेजारी बसून ज्याचा सूर हालला न्हाय, त्येची आनि काय परीक्षा घ्यायची?"