पदरचे पैसे भरून आलेला पाहुणा

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा औशाजवळच्या आमच्या गावात असा दुष्काळ होता, की पाण्याला गेलेले कावळे परत यायचे नाहीत. त्यात विहिरीचा गाळ काढायला एक गोरा पोरगा परदेशातून आला. एका संस्थेला पदरचे पैसे भरून आलेला, आणि उतरला आमच्या घरी.

काका म्हणाले, "आपुन खंदायचे पैसे घेतो, ह्यो देतुया. डोस्कं ठिकाणावर हाय का?"

संस्थेचा माणूस त्याच्या जेवणाखाण्याचे पैसे द्यायला आला, तर आई उसळलीच. "पाव्हण्याच्या भाकरीचे पैसे घेऊ व्हय?"

पण पाहुणा एका अंघोळीत अर्धी गल्ली कोरडी करायचा. त्याला टोपलं उचलायला शिकवण्यात काकांचं निम्मं काम बुडायचं. आठवड्यात रांजण खडखडीत. पाहुण्याला 'जा' म्हणायची पाळी आली, आणि ते आईला मरणाहून वाईट. तेव्हा मला उमगलं, पोराने पैसे भरले होते ते त्याला सांभाळण्याचे.

आईने संस्थेच्या माणसाला बोलावलं. "पैसे हातात नगं. रोज पाण्याची एक गाडी धाडा. आधी गल्ली भरून घेईल, मग पोरगा खुशाल आंघूळ करील."