पाऊण भाकरीचं गणित

अपूर्णांकाला पूर्ण संख्येने गुणायला शिकवताना रामभाऊ गुरुजी आधी फळ्यावर भाकरी काढत. तिच्यावर करपलेला डागसुद्धा दाखवत. गेल्या महिन्यात ते गेले, तेव्हा मला पहिल्यांदा ती खडूची भाकरीच आठवली.

सोनईजवळच्या एका गावात मी त्यांच्या शाळेत नवा शिक्षक होतो. आमचे दोन वर्ग एकाच खोलीत पाठीला पाठ लावून बसत, त्यामुळे त्यांचा तास मलाही ऐकू येई. "अंशाला गुणा, छेदाला हात लावू नका," हे त्यांचे पालुपद. कुणी दोन्हींना गुणले की विचारत, "पाव्हणं वाढलं म्हणून भाकरी बारीक करतोस व्हय रं? सासुरवाडीत नाव घालवशील." वर्ग हसे.

बहात्तरच्या दुष्काळात मुले सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. पाचवीतली हिरा मात्र येत होती. तिला शाळेत टिकवायचेच, असे गुरुजींनी मनाशी धरले होते. एकदा त्यांनी तिला विचारले, माणशी पाऊण भाकरी, तर चौघांना किती? तिने पाटीवर तीन छेद चारचे बारा छेद सोळा केले.

"अगं, म्हणजे चौघांत मिळून पाऊणच झाली की."

"व्हय, गुरुजी. भाकर तेवढीच ऱ्हाती. आई तुकडं बारीक करती."

कुणी हसले नाही. गुरुजी म्हणाले, "तुझ्या आईचं बराबर हाय, पोरी. मीच दुसरं विचारलं." ते चेष्टेचे वाक्य त्यानंतर मी त्यांच्या तोंडून ऐकले नाही.

पुढच्या आठवड्यापासून हिरा येईना. गुरुजी मला घेऊन खडीच्या कामावर गेले. ती आईशेजारी बसून दगड फोडत होती. पोरगी हुशार आहे, पाऊस पडेपर्यंत कशीतरी कळ काढा, असे गुरुजींनी परोपरीने सांगितले. आईने हातोडी थांबवली नाही.

"हितं खायाला सुकडी देत्यात, गुरुजी. माणूस वाढलं की वाटा वाढतो. शाळंत वाढंल का?"

गुरुजींनी हिराच्या धुळीने माखलेल्या डोक्यावर हात ठेवला आणि आम्ही परत फिरलो. वाटेत एवढेच म्हणाले, "गुणाकार हिराला तिथंच आला. आता कोणत्या तोंडानं बोलावू?"

ती परत आली नाही. वर्ष संपेपर्यंत गुरुजी हजेरीत तिचे नाव घेत, क्षणभर थांबत, आणि मग पुढचे नाव हळू आवाजात वाचत.