एकदाच उघडणे

माझ्या मेहुण्याइतका वाटून टाकणारा माणूस अख्ख्या बालाघाट जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि त्याच्याइतकं कमी वाढणाराही. तो इथल्या कोसा रेशमाच्या किड्यांचे रोग तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होता. किड्यांना लागणाऱ्या एका विषाणूच्या कवचातलं प्रथिन ओळखणारी अँटिबॉडी त्याच्या ताब्यात असे. नमुन्यात विषाणू असला की पिवळा रंग चढायचा. पण ही अँटिबॉडी वितळून पुन्हा गोठली की कामातून जाते. म्हणून बाटली आल्याबरोबर तो ती बोटाच्या पेराएवढ्या नळ्यांत थोडी थोडी भरायचा आणि प्रत्येकीवर लिहायचा, ‘एकदाच उघडणे’. इथवर ठीक होतं. पण घरी तूप, चटणी, दिवाळीचा चिवडासुद्धा तो असाच वाटून ठेवी. एकदा माझ्या साहेबांपुढे त्यानं नळीतलं लोणचं ठेवलं. साहेबांनी औषध समजून ते एका घोटात घेतलं आणि वर तांब्याभर पाणी प्यायले.

आमच्याकडे जुना फ्रिज राहिला तोही त्याच्यामुळेच. बायकोनं नव्याचं नाव काढलं की तो म्हणे, “ताई, नव्या फ्रिजले बर्फ चालत नाही. तो मधून मधून सोताच गरम होते. माह्या नळ्या मरतीन ना.” त्याच्या राखीव नळ्या आमच्या फ्रीजरमध्ये असत. शेजारी सासूबाईंनी त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यात काढलेला आमरस, अर्थात त्यानंच छोट्या डब्यांत वाटलेला.

एका पावसाळ्याच्या तोंडावर बैहरकडच्या गावांत किड्यांची अंडी वाटायची होती. तपासणीत कुठेच रंग चढला नाही. त्याचे साहेब म्हणाले, “सब साफ है, जीप निकालो.” हा जागचा हलेना. “साहब, मिलान के लिए जो बीमार इल्ली रखी थी, वो भी साफ बता रही है. इल्ली ठीक नहीं हुई, अपनी अँटिबॉडी मरी है.” कुणीतरी मोबाइल चार्ज करायला प्रयोगशाळेतल्या फ्रीजरचा प्लग काढून गुपचूप परत खोचला होता. अंडी तर फुटायला आली होती. रोगट गेली तर झाडांवरच्या अळ्या सडणार, अडवली तरी पाळणाऱ्यांचा हंगाम बुडणार.

तो धापा टाकत आमच्या दारात आला. नेमका त्याच सकाळी मी जुना फ्रिज देऊन नवा घ्यायचं दुकानात पक्कं करून आलो होतो. संध्याकाळी माणसं न्यायला येणार होती. मला राहवेना, मी त्याला सांगून टाकलं. तो म्हणाला, “काहून घाबरून राह्यले भाऊजी? फ्रिज हाये ना अजून घरात?” एक नळी बर्फात खोचून तो गेला. या वेळी ताडून पाहायला ठेवलेल्या त्या रोगट अळीत रंग चढला, आणि अंड्यांच्या एका ढिगातही. तेवढा ढीग जाळला, बाकीची अंडी घेऊन जीप बैहरला निघाली. मी दुकानात जाऊन नाही म्हणून आलो.

आता त्याची बदली झाली आहे. नळ्या गेल्या, फ्रिज आहे. त्यात सासूबाईंच्या आमरसाचा एकच डबा उरलाय. या उन्हाळ्यात त्याचा फोन आला तेव्हा बायकोनं विचारलं, “तू आल्यावर काढू का रे?”

“हौ, काढ,” तो म्हणाला. फोन ठेवायच्या आधी त्यानं पुन्हा हाक मारली.

“नाही, या साली राहू दे ताई. ते एकदाच उघडता येते.”