शेरा पाहावा

कृषी कचेरीत त्यांना सगळे शेरेबाई म्हणत. त्यात कौतुक किती आणि टिंगल किती, हे म्हणणाऱ्यावर अवलंबून. सरकारी तक्त्यात शेवटचा रकाना शेऱ्याचा असतो आणि शहाणा कर्मचारी तिथे 'निरंक' लिहून, म्हणजे सांगण्यासारखं काही नाही असं कळवून, मोकळा होतो. बाईंना ते कधी जमलं नाही. त्यांचं बारीक, तिरपं अक्षर रकान्यात मावायचं नाही, समासात चढायचं, आणि तिथेही जागा संपली की बाई खाली कागदाची पट्टी चिकटवायच्या. टेबलावर डिंकाची बाटली बाळगणाऱ्या त्या कचेरीत एकट्याच होत्या.

अठ्ठावीस वर्षं पंचवीस गावं पायाखाली घातल्यावर त्यांना एकच गोष्ट डाचत होती. पिकवलेलं खायच्या आधीच सडत होतं, आणि उन्हाळे कडक होत गेले तसं ते जास्तच सडत होतं. बघायला लांब जायची गरज नव्हती, त्यांचा धाकटा भाऊच टोमॅटो लावायचा. सकाळी तोडलेला माल संकलन केंद्राच्या पत्र्याखाली ट्रकची वाट बघत दुपारपर्यंत अक्षरशः शिजायचा. मग भाऊ आणि वहिनी मऊ पडलेले क्रेट एकेक करून मागच्या खड्ड्यात पालथे करायचे. केंद्रावर एक थंड खोली बांधा, बाईंचं मागणं एवढंच होतं.

देशाचा हवामान आराखडा दर पाच वर्षांनी नव्याने होतो. त्यात जे येतं त्याला निधी मिळतो, बाकीच्यांनी पुढची पाच वर्षं आभाळाकडे बघायचं. मागच्या खेपेला बाईंच्या शेऱ्याला वाटाण्याच्या अक्षता लागल्या होत्या. या खेपेला मात्र वरून गोड पत्र आलं. आराखड्यात शेतीला आणि अन्नाला मानाचं पान आहे, आणि गावागावात फिरणाऱ्यांचा अनुभव अमूल्य आहे, असं त्यात लिहिलं होतं. पुढच्या वर्षी बाई निवृत्त होणार होत्या. त्यांच्या नोकरीतला हा शेवटचा आराखडा.

तक्त्यात या वेळी चक्क नवा रकाना होता, 'काढणीनंतरची नासाडी, किलोमध्ये'. बाईंचा आनंद हातातला चहाचा पेला संपेपर्यंतही टिकला नाही. अर्धा चहा पिऊन झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की सडलेल्या मालाचं आजवर कोणी वजनच केलेलं नाही. शेजारच्या टेबलावरचे हेडक्लार्क म्हणाले, ठोकून द्या एक आकडा, जनावरं तरी आपण कुठे गोठ्यात जाऊन मोजतो? पण खोटा आकडा लिहायचा नाही, हा बाईंचा जुना हट्ट. त्यांनी किलोच्या चौकटीत 'शेरा पाहावा' असं लिहिलं. शेऱ्यात गावं, महिने, पत्र्याखालची उष्णता, ट्रकच्या वेळा, सगळं ओतलं आणि दोन पट्ट्या चिकटवल्या. पाकीट बंद करताना त्यांना मनापासून वाटलं की हे वाचून कुणाचाही जीव कळवळेल.

आठ महिन्यांनी आराखडा छापून आला. शेतीच्या प्रकरणात गुरांच्या ढेकरांतून सुटणाऱ्या वायूवर चार पानं होती, जनजागृतीवर दोन. नासाडीवर एक ओळ होती: क्षेत्रीय कार्यालयांकडून प्राप्त माहिती निरंक.

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. रजा टाकून त्या दुसऱ्या दिवशी सकाळीच विभागीय कचेरीत धडकल्या. तिसऱ्या मजल्यावर तक्ते एकत्र करणारे साहेब बसत. साहेब म्हणजे खांद्यावर स्वेटर टाकलेला, दमलेला, बरा माणूस. त्यांनी बाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि कपाटातून गठ्ठा काढून समोर ठेवला. एकशे चौदा कचेऱ्यांचे तक्ते. बाई एकेक उलटत गेल्या. कुणाचं अक्षर गोल, कुणाचं गिचमिड, एकाने हिरवी शाई वापरलेली. पण किलोच्या चौकटीत बहुतेक सगळ्यांनी तेच दोन शब्द लिहिले होते, शेरा पाहावा. आणि शेऱ्यात कुठे दूध नासलेलं होतं, कुठे मासळी, कुठे घेवडा. तीन ठिकाणी तर पट्ट्याही चिकटवल्या होत्या. एवढी वर्षं बाई स्वतःला एकट्या समजत होत्या.

"मग तुम्ही हे वाचलं नाही?"

"वाचलं ना, सगळं वाचलं," साहेब म्हणाले. "पण संगणकात फक्त आकडे चढतात. शब्दांची बेरीज होत नाही, बाई."

निदान फोन तरी करायचा होता, असं बाई म्हणाल्या. माहिती मागवायची मुदत संपल्यावर फोन करायचा नाही, असं परिपत्रक होतं म्हणे. साहेबांनी ते शोधून दाखवलंही. मग सूचनांचा एक कोरा अर्ज पुढे सरकवला, पुढच्या आराखड्यासाठी. बाईंना रडू आलं नाही, त्या संतापल्या होत्या. साहेबांवर कमी, आराखड्यावर जास्त, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर. अठ्ठावीस वर्षं त्यांनी खड्ड्याच्या काठावर उभं राहून हळहळ केली होती आणि बाजूलाच माल तोलायचा काटा रिकामा पडलेला असायचा.

उतरत्या उन्हात त्या केंद्रावर पोचल्या तेव्हा भाऊ क्रेट खड्ड्याकडे ओढत होता. काय झालं ते त्याला ताईच्या चेहऱ्यावरच दिसलं. बाईंनी पर्स पत्र्याच्या खिळ्याला अडकवली.

"थांब, टाकू नकोस. आधी काट्यावर ठेव."

"आता सडक्या मालाचं वजन करू? कोण घेणार आहे?"

"कोणी नाही. तू ठेव."

काटा हलला आणि एकोणीसवर थांबला. वहिनीने आणखी चार क्रेट ठेवले, रस गळून बाईंची चप्पल भिजली. सगळे मिळून पंच्याऐंशी किलो भरले. बाईंनी पर्समधून तो कोरा अर्ज काढला, पाठीमागे तारीख आणि आकडा लिहिला, आणि कागद भावाच्या हातात दिला.

"पुढच्या आराखड्याला तू असशील ना नोकरीत?" भावाने विचारलं.

"नाही."

"मग हे कोण पाठवणार?"

"रोज लिही," बाई म्हणाल्या, "आणि शेरा अजिबात लिहू नकोस." मग त्यांनी स्वतःच क्रेट उचलून खड्ड्यात पालथा केला.