ओब्रेनच्या बाजूची हवा

तिओसाव मिस्त्री ‘झालं’ हा शब्द जपून वापरायचा. अख्खी उमर बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये गेली, आणि तीही हीटरवर. झ्लातारच्या घाटात बस बंद पडली तर लोक शिव्या देतात, हीटर बंद पडला तर शिवी द्यायलाही कुणाचं तोंड उघडत नाही, असं तो म्हणायचा. साहेब विचारायचे, “काय मिस्त्री, झालं का?” तो म्हणायचा, “पाणी गरम येतंय, पंखा फिरतोय. झालं की नाही ते बस खालून परत आल्यावर सांगतो.” साहेब चिडायचे. पण त्याच्या हातची बस घाटात अडकून पडली, असं कधी घडलं नाही.

निवृत्त झाल्यावर घरामागच्या शेडमध्ये तो आसपासच्या गाड्या बघू लागला. हत्यारं थोडी. भरवसा डाव्या तळहातावर. गाडीत गरम हवा येते त्या तोंडाशी तळहात धरायचा, डोळे मिटायचे आणि मगच बोलायचा. गाडीवाला आधीच कहाणी सांगू लागला तर हात वर करून त्याला थांबवायचा.

मिलुंकाला मात्र त्याने थांबवलं नाही. जानेवारीतली दुपार होती. रात्रीच्या बर्फावर ऊन पडून डोळे दिपत होते. ती गाडी घेऊन आली, उतरली आणि दार धरूनच म्हणाली, “मिस्त्री, माझ्या बाजूला गरम येतं. त्याच्या बाजूला बर्फ.”

पलीकडच्या बाजूला, असं ती म्हणाली नाही.

त्याची बाजू म्हणजे काय, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. नोव्हेंबरात तिच्या नवऱ्याच्या, ओब्रेनच्या, छातीत कळ आली. तिने त्याला शेजारी बसवलं आणि खाली प्रियेपोल्येच्या दवाखान्याकडे गाडी सोडली. पाणचक्कीच्या वळणापाशी तो गेला. हातात पेटती मेणबत्ती नव्हती. हे शेवटचं वाक्य गावात आवाज खाली घेऊनच बोललं जायचं, कारण मेणबत्तीशिवाय गेलेल्याला पुढची वाट अंधारात चालावी लागते.

“आणि वन्सं गाडीत बसत नाहीत,” मिलुंका म्हणाली.

वन्सं म्हणजे ओब्रेनची थोरली बहीण स्तामेना. एकाच अंगणात दोघींची घरं. स्तामेनाच्या किडन्या गेलेल्या. दिवसाआड तिला प्रियेपोल्येला नेऊन मशीनला लावावं लागायचं. बर्फ पडलं की दवाखान्याची गाडी वर चढत नाही, मोठ्या रस्त्यावरच थांबते, आणि तिथवर चालायचा दम स्तामेनाच्या पायांत नव्हता. राहिली ही एकच गाडी.

“कालची पाळी चुकली. पाय सुजलेत, उताणं निजवत नाही. उद्याची चुकली तर...” मिलुंकाने हातमोजा ओढून काढला आणि पुन्हा घातला.

“थंडीला भितात?”

“थंडीला कोण भितं इथे? तो ठोकतो, मिस्त्री.”

“कोण?”

“तुम्हाला ठाऊक आहे कोण. मी गाडी दामटली की तो समोर बोटाने ठोकायचा. टक टक टक. तोंडाने कधी म्हणाला नाही की मिलुंका, हळू. नुसतं ठोकायचा. अजून ठोकतो.”

तिओसाव हसला नाही. “इंजिन सुरू कर,” म्हणाला.

रेडिएटरचं पाणी बघितलं. पुरेसं होतं. आत जाणारे दोन्ही होज पाईप हातात धरले, दोन्ही चटका देणारे. म्हणजे गरम पाणी आत जात होतं आणि बाहेरही येत होतं. तो मिलुंकाच्या बाजूला बसला आणि तळहात धरला. छान गरम. मग पलीकडे हात नेला. बाहेरच्यापेक्षाही गार वाटावी अशी हवा बोटांवरून मनगटात शिरली. त्याने त्या बाजूचं बटण लाल खुणेकडे फिरवलं.

टक टक टक.

अगदी समोरून, सीटसमोरच्या कप्प्यामागून. नखाने ठोकावं तसं.

तिओसावला तो आवाज ओळखीचा होता. कप्प्यामागे प्रत्येक बाजूला एक झडप असते, गरम आणि गार हवेचं प्रमाण ठरवणारी. तिला फिरवणारी मोटर मुठीएवढीही नसते. झडप अडकली की मोटरचे प्लास्टिकचे दाते घसरतात आणि असंच वाजतं. हा आवाज त्याने शेकडो गाड्यांतून ऐकला होता. तरीही त्याने आधी रिकाम्या सीटकडे पाहिलं. याचा त्याला रागच आला.

“मोटर आहे,” तो म्हणाला. “या बाजूची झडप गारवर अडकलीय.”

मिलुंका खिडकीशी वाकली होती. “ते त्यानेच केलं होतं,” ती हळूच म्हणाली. “त्या दिवशी. जळतोय म्हणाला. घामाने निथळत होता. त्याच्या बाजूचं बटण पार निळ्यापर्यंत फिरवलं. मी ओरडले, अरे घामाच्या अंगावर झोत घेतोस, मरशील! हेच माझं त्याच्याशी शेवटचं बोलणं.”

तिओसावने इंजिन बंद केलं. “घरी जा आणि हेअर ड्रायर पाठव. नको, तूच घेऊन ये. गाडी उद्या सकाळपर्यंत माझ्याकडे राहील.”

कप्पा उतरवला, खालचा पत्रा काढला. मोटर सोडवून हातात घेतली, दाते पार झिजलेले. मग झडपेचा दांडा चिमट्यात धरून फिरवून बघितला. हलेना. जोर लावला असता तर तुटला असता. जोर लावणारे मिस्त्री त्याने पाहिले होते. त्यांची गाडी पुढच्या हिवाळ्यात दुसऱ्याच्या दारात असते. त्याने टॉर्च लावली आणि गाल गाडीच्या तळाला टेकवून वर पाहिलं.

दांड्याभोवती काहीतरी पिवळट गोठलं होतं. नखाने खरवडून नाकाशी नेलं. मेण.

मिलुंका ड्रायर घेऊन आली तेव्हा तो तसाच आडवा होता. गरम झोत सोडल्यावर मेण सुटायला लागलं, आणि शेडमध्ये ग्रीसचा वास होता तिथे मधमाश्यांच्या मेणाचा वास पसरला. मेलेल्यांच्या नावाने वाळूच्या थाळीत मेणबत्त्या लावतात, चर्चमधल्या त्या कोपऱ्याचा वास. मेणातून एक काळा दोरा ओघळून त्याच्या बोटावर आला. जळून संपलेली वात.

“काय सापडलं?” मिलुंकाने विचारलं.

“घाण होती. झडप धरून बसली होती.” हे खोटं नव्हतं. वात त्याने खिशात टाकली.

ती गेल्यावर त्याने पुढच्या काचेचा तळ पाहिला. काचेकडे हवा सोडणारी फट असते, तिच्यावर, ओब्रेनच्या सीटसमोर, काचेला धुराचा एक पुसट गोल डाग होता. कुणीतरी उभ्या गाडीत बसून त्या फटीत बारीक मेणबत्ती खोवली होती आणि ती संपेपर्यंत तिथे बसून राहिलं होतं. मेण फटीतून खाली गळत गेलं. झडप गारवर होती, ओब्रेनने ठेवली तशी. तिथेच गोठलं. पुढे त्या बाजूला गरम हवा आलीच नाही, मग मेण वितळणार कसं? सगळं हिशोबात बसत होतं. मेणबत्ती कुणी लावली, हेही त्याला विचारावं लागलं नाही.

नवी मोटर उझित्से शहरातून यायला आठवडा तरी लागणार होता. तोवर त्याने झडप पार गरमकडे वळवून तारेने बांधली. जुनी मोटर कोटाच्या खिशात टाकली, नवी मागवताना तिच्यावरचा नंबर लागणार होता. कप्पा बसवला आणि ऊन उतरता उतरता गाडी रस्त्यावर काढली.

दोन्ही बाजूंना सारखीच गरम हवा. तळहात पलीकडे धरून तो मोठ्या रस्त्यापर्यंत गेला. समाधानाने परत फिरला. पाणचक्कीच्या वळणावर त्याचा पाय ॲक्सिलरेटरवर जरा जड पडला.

टक टक टक.

ब्रेक लागला तेव्हा आपण तो लावला हे त्याला नंतर कळलं. रस्ता रिकामा. बर्फावर निळी सावली उतरत होती, गोठलेल्या चक्कीला दाढ्या लोंबाव्यात तसं बर्फ लोंबत होतं. त्याने खिशात हात घातला. मोटर खिशातच होती, थंडगार.

मग त्याने काम केलं, कारण त्याला दुसरं काही येत नव्हतं. तार तपासली. कप्पा हलवून बघितला, दार, सीटची पट्टी, चटईखालची जॅकची जागा. सगळं घट्ट. पुन्हा मागे जाऊन तेच वळण हळू घेतलं. शांत. जोरात घेतलं. टक टक टक. अंधार पडेपर्यंत तो त्या वळणावर येरझारा घालत राहिला. हळू गेलं की काही नाही. दामटली की ठोका.

घरी येऊन जेवल्यावर त्याने वात कागदात बांधली.

सकाळी तो गाडी घेऊन त्यांच्या अंगणात गेला. मिलुंकाला म्हणाला, “फाटकापाशी बर्फ साचलंय, तेवढं काढ.” ती फावडं घेऊन गेली. स्तामेना चुलीशी बसली होती, पाय स्टुलावर, घोटे पावासारखे फुगलेले. ती आणि तिओसाव, एकाच शाळेत शिकलेली दोघं.

“तिओसाव, तू अजून जिवंत आहेस?”

“मला मरायला सवड कुठे? तुम्ही गाड्या बिघडवता.”

“मी त्या गाडीत बसायची नाही. मिलुंकेनं पाठवलं असेल तर सांग तिला.”

त्याने कागदात बांधलेली वात टेबलावर ठेवली आणि कागद उलगडला. स्तामेनाने वात ओळखली. चुलीतलं लाकूड फुटलं.

“तिला सांगितलंस?”

“नाही.”

“सांगू नकोस. तिला वाटेल मी बोल लावते, की तू त्याला अंधारात पाठवलंस. गाडी चालवत होती बिचारी, मेणबत्ती कुठून धरणार?” तिने बोटाने वात जरा सरळ केली. “लहानपणी मागच्या अंगणातसुद्धा एकटा जायचा नाही. मला हात धरून न्यावं लागायचं. वाटलं, जिथून गेला तिथे तरी लावावी. सगळी जळली का रे?”

“टोकापर्यंत. मेण खाली गळून झडपेत गोठलं.”

तिने मान हलवली. मग तिचा चेहरा बदलला. “म्हणजे त्याला गारठवलं ते मीच.”

“गार त्याने स्वतः केलं होतं. तू फक्त तसंच धरून ठेवलंस.”

“आता झालं?”

तिओसाव तिच्या घोट्यांकडे बघत होता. एक शब्द टाकला की ती उठणार होती. खोटं असतं तर कुणाला कळलं असतं? पाणचक्कीपर्यंत कळलं नसतं. आणि त्या वळणावर, मशीन अजून लांब असताना, ती दार उघडून बर्फात उतरली असती.

“हवा झाली,” तो म्हणाला. “ठोकणं नाही झालं. मोटर काढली, ही बघ. तरी वाजतं. पाणचक्कीपाशी, जोरात गेलं की. सगळं तपासलं. मला सापडलं नाही, स्तामेना.”

बाहेर फावड्याचा आवाज येत होता. स्तामेनाने मोटर हातात घेतली, उलटसुलट केली, परत दिली.

“त्याच्या बाजूला गरम आहे?”

“हात धरवत नाही इतकं.”

“नक्की?”

“ते नक्की.”

“मग ठोकू दे.” तिने स्टुलावरून एक पाय उतरवला, मग दुसरा. “मला वाटायचं, थंडीने दात वाजतात त्याचे. मी त्या जागेवर बसायचं आणि तो तिथेच कुडकुडतोय. ऐकवेना रे ते. नुसता ठोकत असेल तर ठोकू दे. त्या बयेच्या गाडीत बसलेलं कुणीही ठोकेल. उभा काय राहिलास? कोट दे माझा.”

तिला गाडीपर्यंत न्यायला दोघं लागली. दाराशी ती थांबली, धाप खाली बसू दिली. मग रिकाम्या सीटकडे वाकून, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, “सरक जरा.” आणि बसली. तळहात हवेच्या तोंडाशी धरला. तसाच धरून राहिली.

मिलुंकाने खिडकी खाली करून विचारलं, “मिस्त्री, झालं ना?”

“गाडी परत आल्यावर सांगतो.”

गाडी उतारावर गेली, नेहमीसारखी भरधाव, मागे बर्फ उडवत. त्या अंगणातून पाणचक्कीचं वळण दिसतं. तिथे पोचायच्या बेतात असताना मागचे लाल दिवे लागले. गाडी इतकी हळू झाली की माणूस बरोबरीने चालला असता. तशीच, तळ्यावरच्या बर्फावरून जावी तशी, ती वळणाआड गेली.

तिओसाव आत आला. चुलीत लाकूड घातलं, मोटर टेबलावर वातीशेजारी ठेवली, आणि त्या दोघी परत येईपर्यंत चूल विझू दिली नाही.